जुन्या गाडीची बॅटरी उभ्या-उभ्या उतरते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला सोसायटीच्या पार्किंगमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत विचारले गेलेत. मी मेकॅनिक नाही. १९९८ ची कार्बोरेटरवाली छोटी गाडी सांभाळतो आणि तिने चौदा महिन्यांत दोन नव्या बॅटऱ्या खाल्ल्यावर नाइलाजाने मल्टिमीटर धरायला शिकलो, एवढीच माझी पात्रता. खालचं सगळं १२ व्होल्टच्या, जुन्या पेट्रोल-डिझेल गाड्यांबद्दल आहे.

दोन दिवस उभी राहिली की गाडी सेल्फ घेत नाही. बॅटरी गेली, की गाडी करंट खातेय?

आधी याचाच निकाल लावा. बहुतेक जण इथेच चुकतात आणि थेट बॅटरीच्या दुकानात जाऊन उभे राहतात. मीही तेच केलं होतं.

बॅटरी चार्जरवर पूर्ण चार्ज करून घ्या. दोन-तीन तास तशीच राहू द्या, कारण चार्जिंगहून काढल्या-काढल्या व्होल्टेज उगाच फुगलेलं दिसतं. मग मीटर लावा. धडधाकट बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. आता गाडीची निगेटिव्ह केबल काढून ठेवा आणि रात्र जाऊ द्या. सकाळी परत मोजा. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी टिकून आहे आणि संशय गाडीवर जातो. केबल काढलेली असूनही १२.३ किंवा त्याखाली आली, तर बॅटरीच आतून गेली आहे. मग गाडीत चोर शोधण्यात अर्थ नाही. निदान त्या दिवशी तरी नाही.

आकडे पाठ करायचे तर एवढे पुरे: १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे पाव. ११.८ वर बॅटरी रिकामी समजा. ‘अहो, पण १२ दाखवतोय की मीटर!’ असं म्हणणारे रोज भेटतात. १२ व्होल्टच्या बॅटरीत १२ व्होल्ट ही आनंदाची बातमी नाही.

एक तिसरी शक्यताही असते, ती म्हणजे चार्जिंगच होत नसणं. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा, १३.८ ते १४.५ यायला हवेत. १२.५ वरच घुटमळत असेल तर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारं यंत्र), त्याचा पट्टा किंवा वायरिंग बघा. तुमचा फेरा रोज घर ते स्टेशन दीड किलोमीटरचाच असेल, तर सेल्फने घेतलेलंसुद्धा परत भरून निघत नाही. हा दोष गाडीचाही नाही आणि बॅटरीचाही नाही.

आणि हो, बॅटरी खराब आणि गाडी करंट खाणारी, असं दोन्ही एकदम असू शकतं. गाडीतल्या बॅटरीच्या प्लेट्स पातळ असतात. एका दणक्यात सेल्फ फिरवण्यासाठी त्या बनवलेल्या असतात, इन्व्हर्टरसारखं पार रिकामं होण्यासाठी नाही. चार-सहा वेळा पूर्ण उतरली की प्लेट्सवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि क्षमता जाते ती जातेच. म्हणजे चोरी गाडीतली असली तरी जीव बॅटरीचा जातो. माझ्या दोन्ही बॅटऱ्या अशाच गेल्या आणि दोन्ही वेळेला दुकानदाराने मान हलवून सांगितलं, ‘पीस खराब निघाला.’

गाडी बंद असताना किती करंट जाणं ठीक आहे?

शून्य कुठल्याच गाडीत नसतं, अगदीच जुनी सोडली तर. घड्याळ आणि स्टिरिओची मेमरी सतत थोडं पितातच. कार्बोरेटरवाल्या गाडीत ५ ते २० मिलीअँप म्हणजे उत्तम. एमपीएफआय गाडीत, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनने पेट्रोल सोडणाऱ्या गाडीत, इंजिनाचा कंट्रोलर आणि इमोबिलायझर (चोरीविरोधी लॉक) धरून २० ते ५० मिलीअँप चालतं. ५० च्या वर गेलं की कान टवकारा, १०० च्या वर गेलं की शोध सुरू.

माझ्या गाडीची बॅटरी ३५ एएच (अँपतास) आहे, तिच्यावर हिशेब करून दाखवतो. ५० मिलीअँप म्हणजे दिवसाला १.२ अँपतास, बॅटरी निम्मी व्हायला दोन आठवडे. १०० मिलीअँप असेल तर आठवडाभर. ५०० मिलीअँप, म्हणजे अर्धा अँप, तर दीड दिवसात निम्मी. हा कागदावरचा हिशेब नव्या बॅटरीचा झाला. तीन वर्षं उन्हात तापलेली ३५ ची बॅटरी प्रत्यक्षात पंचविसाचीच उरलेली असते, त्यामुळे तुमचा अनुभव याहून वाईट असेल.

काय काय सामान लागतं?

साधा मल्टिमीटर, पण त्यावर १० अँप डीसीचं भोक हवं. एक दहाचा पाना, मगरीच्या तोंडाच्या क्लिपा लावलेली एक जाडसर वायर, एक टॉर्च. बस.

क्लॅम्पमीटर असेल तर त्यावर डीसी अँप आहे का ते आधी बघा. घरगुती वायरमनकडचे बहुतेक क्लॅम्पमीटर फक्त एसी करंट मोजतात. ते बॅटरीच्या केबलवर धरून ‘शून्य आला, गाडी ओके’ असं सांगणारा माणूस मला भेटलाय.

मीटर नक्की लावायचा कुठे आणि कसा?

व्होल्टेज मोजताना दोन टर्मिनलवर दोन प्रोब ठेवतो, तसं इथे करायचं नाही. अँपच्या भोकात प्रोब घालून बॅटरीच्या दोन टर्मिनलवर टेकवली तर ते सरळ शॉर्ट झालं. स्वस्त मीटरच्या १० अँपच्या भोकाला आत फ्यूजच नसतो. प्रोब हातात वितळते. मीटर सिरीजमध्ये लावायचा असतो, म्हणजे गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधून वाट काढून गेला पाहिजे.

पहिल्यांदा सगळं बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा. बॉनेट उघडा. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडंच ठेवावं लागणार, कारण फ्यूज बॉक्स आत असतो, पण दार उघडं म्हणजे आतला दिवा चालू. म्हणून दाराच्या चौकटीतलं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवा. बॉनेटखाली दिवा असेल तर तोही काढा. हे विसरलं की अर्धा तास दिव्याचाच करंट मोजत बसाल.

काम निगेटिव्हवरच करायचं. पॉझिटिव्हचा नट सोडवताना पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते आणि चार्ज झालेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. पाना निगेटिव्हवर असताना बॉडीला टेकला तरी काही होत नाही, कारण दोन्ही एकच आहेत. काही फार जुन्या ब्रिटिश वंशाच्या गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असतो. तिथे हाच नियम उलटा, बॉडीला जो जोडलाय तो आधी काढा. अंगठी आणि कडं काढून ठेवा. ही सूचना सगळेच देतात, पण ती मी हातावरचा डाग बघत देतोय.

आता निगेटिव्ह टर्मिनल सैल करा, पण उचलण्याआधी क्लिपवाली वायर एका टोकाने बॅटरीच्या खांबाला आणि दुसऱ्या टोकाने केबलला लावा. मग केबल उचला. गाडीला कळतही नाही, करंट वायरीतून सुरूच असतो. आता मीटर १० अँपवर ठेवून काळी प्रोब खांबाला आणि लाल प्रोब केबलला पक्की लावा. शेवटी क्लिपवाली वायर काढा. सगळा करंट आता मीटरमधून जातोय.

ही वायरीची भानगड कशाला? दोन कारणं. एक, केबल जोडताना क्षणभर मोठा झटका जातो, तो मीटरने सोसायला नको. दोन, अलार्म किंवा कंट्रोलर असलेल्या गाडीत करंट तुटून परत आला की ते जागे होतात आणि परत झोपायला वेळ घेतात. कार्बोरेटरच्या गाडीत आकडा लगेच स्थिर होतो. एमपीएफआय किंवा अलार्मवाल्या गाडीत वीस-पंचवीस मिनिटं थांबा. चहा घेऊन या.

मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवायची नाही आणि सेल्फ तर अजिबात मारायचा नाही. सेल्फला शंभराहून जास्त अँप लागतात, मीटर दहाचा आहे.

मीटर नाहीच आहे. काही देशी उपाय?

आहे. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घ्या आणि त्याच जागी, खांब आणि केबल यांच्या मध्ये जोडा. लख्ख पेटला तर मोठी चोरी, मंद लाल तार दिसली तर काही शे मिलीअँप जातायत. थोडासाच करंट असेल तर हा बल्ब काहीच दाखवत नाही, म्हणून ५ वॅटचा पार्किंगचा बल्बही लावून बघा, तो जास्त हळवा असतो. जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आजही हेच करतात आणि यात एक फायदा आहे: कुठे शॉर्ट असलं तरी बल्ब पेटतो, मीटरसारखं काही जळत नाही.

आकडा ०.३८ आला. पुढे काय?

हा माझ्याच गाडीचा आकडा आहे, म्हणून तिचीच गोष्ट सांगतो.

३८० मिलीअँप म्हणजे दिवसाला नऊ अँपतास. गाडी शुक्रवारी संध्याकाळी लावायचो, सोमवारी सकाळी काढायचो. मधल्या साठ तासांत जवळपास तेवीस अँपतास गळून जायचे, पस्तीसांपैकी. सोमवारीच गाडी का रुसते याचं उत्तर त्या दिवशी मिळालं. तोवर घरात ‘तिलाही सोमवार नको वाटतो’ हा विनोद चालायचा.

पुढची रीत सोपी आहे. मीटर दिसेल असा ठेवा, एकेक फ्यूज उपसा आणि आकड्याकडे बघा. दुसरं माणूस बॉनेटशी उभं राहून आकडा सांगत असेल तर उत्तम. माझ्याकडे ते काम मुलीने केलं, तिच्या शाळेला सुट्टी होती. पार्किंगमध्ये ‘अडतीस... अडतीस... अडतीस...’ असा पाढा चालला होता आणि मध्येच ती ओरडली, ‘बाबा, एक!’ ०.०१.

उपसलेला फ्यूज लगेच परत त्याच खाचेत घाला, नाहीतर पाच फ्यूज हातात आणि कुठला कुठला ते ठाऊक नाही अशी गत होते. आधी फ्यूज बॉक्सचा फोटो काढून ठेवा.

फ्यूज सापडला म्हणजे चोर सापडला असं नाही, गल्ली सापडली. त्या फ्यूजवर माझ्या गाडीत आतला दिवा, घड्याळ आणि स्टिरिओची मेमरी एवढंच असायला हवं होतं. दिवा काढला, काही फरक नाही. स्टिरिओचा कपलर (वायरींचा जोड) काढला, आकडा जेमतेम हलला. मग डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून टॉर्च मारला. मूळ वायरिंगच्या जुडग्यातून एक लाल वायर सोलून, तिला पीळ देऊन, वरून काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. चिकटपट्टीचा डिंक उन्हाने पाघळून बोटांना लागत होता. वायरीमागे हात नेला तर तळहाताएवढा एक काळा डबा लागला, आणि तो कोमट होता. तीन दिवस न हललेल्या गाडीत, सकाळी साडेसातला, कोमट.

आधीच्या मालकाने कधीतरी बसवलेला अलार्म होता. त्याचा रिमोट मी जन्मात पाहिला नाही. भोंगा कुणीतरी केव्हाच काढून नेला होता, पण डबा तसाच जोडलेला आणि आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, धरून बसलेला. ३८० मिलीअँप गुणिले १२ म्हणजे साडेचार वॅट. तेवढी ऊब हाताला लागतेच. म्हणून माझा एक अडाण्याचा उपाय: मीटर लावण्याआधीही, सकाळी थंड गाडीत डॅशखाली, रिलेंवर, अल्टरनेटरवर हात फिरवून बघा. काहीही गरम असायचं कारण नाही.

सगळे फ्यूज काढले तरी आकडा तेवढाच. आता?

मग करंट फ्यूज बॉक्सला टाळून जातोय. अशा वाटा मोजक्याच आहेत.

पहिला संशय अल्टरनेटरवर. त्याची जाड वायर बहुतेक जुन्या गाड्यांत मुख्य फ्यूज-लिंकमधून थेट बॅटरीकडे जाते. आतले डायोड करंटला एकाच दिशेने जाऊ देतात. एखादा डायोड गळका झाला की गाडी बंद असताना करंट उलटा अल्टरनेटरमध्ये शिरतो आणि तिथेच उष्णता होऊन जातो. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी कोमट लागला तर जवळजवळ निकालच. खात्रीसाठी निगेटिव्ह पूर्ण सोडवा, अल्टरनेटरची जाड वायर काढा, तिच्या लगला चिकटपट्टी गुंडाळा आणि परत मीटर लावा. आकडा पडला तर डायोड प्लेट बदला. त्यासाठी अख्खा अल्टरनेटर नवा घ्यायची गरज सहसा नसते. रिवाइंडिंगवाले प्लेट बदलून देतात.

डायोड जातो कशाने? वयाने, आणि जंप स्टार्ट मारताना केबल उलट लागल्या तर क्षणात. ‘एकदाच, आणि लगेच काढली’ हे वाक्य ऐकलं की मी आधी अल्टरनेटरच बघतो.

डायोड तपासायची अजून एक युक्ती सांगतात: इंजिन चालू ठेवून बॅटरीवर एसी व्होल्ट मोजायचे, अर्ध्या व्होल्टच्या वर दिसले तर डायोड संशयित. युक्ती बरोबर आहे, पण अगदी स्वस्त पिवळ्या मीटरने करू नका. एसीवर ठेवून त्याला बॅटरी लावली की तो गाडी बंद असतानाही पंचवीस-तीस दाखवतो. त्या मीटरची रचनाच तशी असते.

डायनॅमो असलेल्या जुन्या फियाट-अँबॅसेडरवाल्यांनी डायोडच्या जागी कटआउट वाचावं. त्याचे पॉइंट चिकटून राहिले की बॅटरी रात्रभर डायनॅमोला मोटरसारखी फिरवायला बघते. पॉलिश पेपर आणि धीर, दोन्ही लागतील.

दुसरी वाट म्हणजे थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून घेतलेल्या वायरी. जादा हॉर्न, फॉगलॅम्प, अ‍ॅम्प्लिफायर, हेडलाइटचे रिले. पॉझिटिव्ह टर्मिनलवर कंपनीच्या जाड केबलशिवाय जे काही लटकतंय ते एकेक काढून आकडा बघा. तिसरी वाट सेल्फची. सोलेनॉइडमधून (सेल्फवरच्या मोठ्या स्विचमधून) आत गळती क्वचितच होते, ती शेवटी.

फ्यूज न उपसता शोधता येत नाही का?

येतं. फ्यूजमधून करंट जात असेल तर त्याच्या दोन टोकांमध्ये अगदी किंचित व्होल्टेज पडतं. मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवा आणि ब्लेड फ्यूजच्या पाठीवर जी दोन उघडी टिंबं असतात त्यांवर प्रोब टेकवा. शून्य आलं तर तिथून काही जात नाही. १० अँपच्या फ्यूजवर पाऊण मिलिव्होल्ट दिसलं तर साधारण १०० मिलीअँप समजा. फ्यूज जितका मोठा तितकं हे व्होल्टेज कमी. गाडी झोपलेली असताना तिला न उठवता बघायचं असेल तर ही पद्धत फार कामाची आहे. जुन्या फियाटमधल्या, दोन्हीकडे टोक असलेल्या चिनी मातीच्या फ्यूजवर मात्र हिचा भरवसा नको. त्यांच्या पकडी गंजलेल्या असतात आणि मीटर गंजाचंच व्होल्टेज दाखवतो.

नेहमीचे गुन्हेगार कोण?

माझ्या अनुभवात गाडीच्या कंपनीने बसवलेल्या वस्तूपेक्षा नंतर कुणीतरी बसवलेली वस्तू दोषी निघण्याची शक्यता कितीतरी जास्त. म्हणून पहिला प्रश्न गाडीला नाही, स्वतःला: हा त्रास सुरू व्हायच्या आधी गाडीत नवं काय बसवलं?

स्टिरिओचं सांगतो. त्याला दोन प्लस वायरी असतात. पिवळी कायम चालू, मेमरीसाठी. लाल किल्लीवर चालणारी. बसवणाऱ्याला किल्लीची लाइन शोधायचा कंटाळा असतो किंवा गिऱ्हाईकच म्हणतं, ‘किल्ली नसताना पण गाणी लागली पाहिजेत.’ मग दोन्ही एकत्र पिळून पिवळीला जोडतात. बटणाने बंद केला तरी स्टिरिओ आतून जागाच राहतो. अ‍ॅम्प्लिफायरची निळी वायर अशीच थेट जोडलेली असेल तर डिकीतला अ‍ॅम्प रात्रभर गरम.

दिवे हा दुसरा वर्ग. ५ वॅटचा डिकीतला बल्ब दिवसाला दहा अँपतास घेतो, आणि डिकी बंद केल्यावर तो विझतो की नाही हे पाहणार कोण? मोबाइलचा व्हिडिओ सुरू करून डिकीत ठेवा, डिकी लावा, अर्ध्या मिनिटाने काढा. ग्लोव्हबॉक्सचंही तसंच.

पण दिव्यांतला खरा राक्षस ब्रेकलाइट. पॅडलच्या दांड्यावर एक छोटा रबराचा किंवा प्लास्टिकचा टेकू असतो, तो ब्रेक-स्विचचं टोक दाबून ठेवतो. वीस वर्षांनी तो ठिसूळ होऊन फुटतो. मग स्विचला वाटतं पाय ब्रेकवरच आहे. दोन बल्ब २१ वॅटचे म्हणजे साडेतीन अँप, एका रात्रीत ३५ ची बॅटरी साफ. आमच्या शेजारच्या काकांच्या गाडीचं हे निदान वॉचमनने केलं. ‘काका, तुमच्या गाडीमागची भिंत रात्रभर लाल दिसते.’ काका म्हणाले, भास झाला असेल. ड्रायव्हरच्या पायाखालच्या मॅटवर पिवळट प्लास्टिकचे चार कपचे पडले होते. नवा टेकू येईपर्यंत तिथे एक नट-बोल्ट बसवून काका आठवडाभर फिरले.

डिझेलवाल्यांसाठी: हीटर प्लगचा रिले चिकटला तर ब्रेकलाइट किरकोळ वाटेल. चार प्लग मिळून तीस-चाळीस अँप ओढतात, तासाभरात खेळ खलास. गाडी बंद केल्यावर रिलेवर हात ठेवून बघा.

किल्ली काढली तरी डॅशवरचं काही तरी चालू राहतं. हे काय?

इग्निशन स्विच झिजलाय. जुन्या गाडीत किल्ली अर्धवट जागेवरसुद्धा बाहेर येते. ‘अ‍ॅक्सेसरी’वर राहिलेल्या स्विचने रात्रभर करंट जातो. किल्ली काढताना मागे पूर्ण फिरली का ते बघायची सवय लावा आणि स्विच बदला.

फास्टॅगने बॅटरी उतरते का?

नाही. तो नुसता स्टिकर आहे, त्याचा गाडीच्या वायरिंगशी संबंध नाही. टोलनाक्यावरच्या रीडरच्या लहरींवर तो चालतो. जीपीएस ट्रॅकर आणि डॅशकॅम मात्र उतरवतात, विशेषतः सिगारेट लायटरचं सॉकेट किल्लीशिवाय चालू असणाऱ्या गाडीत. सॉकेटमध्ये कायम खोचलेला मोबाइल चार्जर थोडंच खातो, पण खातो.

पावसाळ्यातच त्रास होतो. असं का?

ओल. कपलरमध्ये पाणी, गंजलेलं दाराचं बटण, आणि बॅटरीच्या डोक्यावर साचलेला आम्लाचा चिकट मळ. या शेवटच्याची चाचणी मजेशीर आहे. काळी प्रोब निगेटिव्ह खांबावर ठेवा आणि लाल प्रोब बॅटरीच्या वरच्या प्लास्टिकवर नुसती फिरवा. मीटर दोन-तीन व्होल्ट दाखवायला लागला तर मळातूनच करंट वाहतोय. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा. झाकणांच्या भोकांतून सोडा आत जाऊ देऊ नका. वाळलं की टर्मिनलना पेट्रोलियम जेली.

शिवाय पावसात उंदरांना बॉनेटखालची ऊब आवडते. वायरीचं कवच कुरतडलं की उघडी तार ओल्या बॉडीला टेकते. फ्यूज उडण्याइतकं नाही, बॅटरी उतरण्याइतकं. बॅटरीच्या ट्रेखाली, एअर फिल्टरच्या डब्याआड बघा. लेंड्या दिसल्या की तिथून वायर हाताने चाचपत जा.

माझ्याकडे मोजताना नेहमी ठीकच येतं, पण महिन्यातून दोनदा उतरते.

सगळ्यात चिवट प्रकार हाच. एखादा रिले कधीतरीच चिकटतो, किंवा डायोड इंजिन तापलेलं असतानाच गळतो. म्हणून थंड गाडीवर मोजून समाधान मानू नका. तासभर चालवून आणा आणि लगेच मीटर लावा. तेही ठीक आलं तर मीटर जोडूनच ठेवा आणि दर थोड्या वेळाने आकडा बघा. आकडा अचानक वर गेला की मीटर न काढता रिलेंवर एकेक टिचकी मारा. पडला तर तोच. सेंट्रल लॉकिंगची मोटर अर्ध्यात अडकून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत असेल तर शांत पार्किंगमध्ये कान दिल्यावर टिकटिक ऐकूही येते.

मेकॅनिक म्हणतो, कटऑफ स्विच बसवून टाका. बसवू?

महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीला जरूर बसवा, शंभर टक्के. निगेटिव्हवर बसणारा पितळी नॉब मिळतो, फिरवला की संपलं. पण रोजच्या गाडीत तो रोग झाकतो. माझ्या डब्यासारखा एखादा डबा आत तापत असेल तर तो बॅटरीपुरताच प्रश्न नसतो, पिळलेल्या उघड्या जोडातून आगही लागते. आणि इंजिन चालू असताना तो नॉब कधीही फिरवू नका. बॅटरी निसटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं आणि त्याचेच डायोड जातात, म्हणजे नवा रोग विकत. एमपीएफआय गाडीत दर वेळी करंट तोडल्यावर आयडलिंग काही वेळ वेडंवाकडं होतं, आणि कोड मागणारा स्टिरिओ असेल तर कोड शोधून ठेवा.

धक्का मारून काढली तर चालेल?

कार्बोरेटरच्या गाडीत, दुसऱ्या गिअरवर, बॅटरीत थोडा जीव असेल तर निघते. एमपीएफआय गाडीत बॅटरी पार मेलेली असेल तर दहा जणांनी ढकलूनही उपयोग नाही, कारण पेट्रोलचा पंप आणि कंट्रोलर दोघांनाही आधी वीज लागते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा सायलेन्सरच्या वाटेवरचा डबा) असेल तर न जळलेलं पेट्रोल त्यात जातं, ते त्याला मानवत नाही. आणि निघाली तरी अर्ध्या तासाच्या फेरीत उतरलेली बॅटरी भरत नाही. चार्जरवर, क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे ३५ ला साडेतीन अँपने, रात्रभर लावा.

हे सगळं मला जमणार नाही. इलेक्ट्रिशियनला काय सांगू?

‘बॅटरी उतरते’ एवढंच सांगू नका, तो बॅटरीच दाखवेल. सांगा: ‘केबल काढून ठेवली तर बॅटरी टिकते, लावली तर दोन दिवसांत उतरते. गाडी बंद असताना किती मिलीअँप जातायत ते माझ्यासमोर मोजा.’ जो मोजायला मीटर किंवा बल्ब काढेल त्याच्याकडे गाडी सोडा. त्रास कधीतरीच होत असेल तर रात्रभर सोडा. निदानाची मजुरी कामाच्या मजुरीइतकीच द्यावी लागेल, द्या. दोन तास डॅशखाली झोपण्याचे ते पैसे आहेत.

दोष सापडला, काढला. आता?

तसंच परत मोजा. एका चोराच्या मागे दुसरा लपलेला असतो. मग बॅटरी पूर्ण चार्ज करा, कारण ती आतापर्यंत उपाशीच होती. लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून तपासणी, करून घ्या. वाचली असेल तर नशीब.

आलेला आकडा लिहून ठेवा. माझ्या बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या चिकटपट्टीवर मुलीच्या अक्षरात ‘०.०१’ आणि तारीख लिहिलेली आहे. दर दिवाळीला गाडी धुतली की मीटर लावतो. गेल्या वर्षी आकडा अर्ध्या अँपच्या वर आला, तेव्हा आधी पोटात गोळा आला आणि मग आठवलं, बॉनेट उघडं आहे, डिकीही उघडीच आहे, आणि आई मागच्या सीटवर बसून फटाक्यांची यादी करतेय, डोक्यावरचा दिवा लावून.